डाग न पडलेला खांब

भादवा अर्धा सरला की आमच्या नागपूरच्या घराची सगळी दारं फुगतात, आणि त्यांच्याबरोबर माझं डोकंही. परवा न्हाणीघराचं दार लागेना म्हणून सुतार बोलावला. त्यानं चौकट टकटक वाजवून पाहिली आणि फरशीलगत पटाशीचं टोक सहज टेकवलं. ते ओल्या मातीत जावं तसं आत गेलं. रंग शाबूत होता, वर एक तडाही नव्हता. "वरून मस्त दिसून राह्यलं बाबूजी, आतून पूर्ण गेलं," असं म्हणून तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा हत्यारं तिथंच टाकून अंगणात जाऊन उभा राहिला. घरच्यांनी त्याला चहा देऊन समजावलं की म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका, पावसाळ्यात ते असेच असतात.

माझी नात बुरशीवर काम करते. एका प्रयोगशाळेत बुरशीच्या अंगातून निघणारे एन्झाइम वेगळे काढायचे आणि त्यांच्याकडून रसायनांची कामं करून घ्यायची, असा तिचा उद्योग. त्याच संध्याकाळी ती मला समजावून सांगत होती. "पूर्वी हेच ऑक्सिडेशन करायला जळजळीत आम्लं लागायची, विषारी क्रोमियम लागायचं, आणि नको तेही जळून जायचं. हे एन्झाइम रेणूतल्या सगळ्या जागा सोडून नेमक्या एकाच जागी ऑक्सिजन नेऊन लावतं. किती नाजूक काम आहे ना, आजोबा?" नाजूक! मी वाटी बाजूला सारली आणि जेवणावरून उठलो. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिनं ते काम काचेच्या नळीत पाहिलंय. मी ते चामोर्शीच्या पलीकडच्या एका लाकूड डेपोत पाहिलं, आणि त्यात एक माणूस मेला, दुसरा मरता मरता राहिला.

तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता आणि राज्याची राजधानी नागपूर होती. मी तेवीस वर्षांचा, रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेला, आणि त्या पदवीनं जितकं शहाणपण येतं त्याच्या चौपट अंगात भिनवून बसलेला. साठवलेलं लाकूड कोणत्या बुरशीनं सडतं हे तपासायला सरकारनं मला एका पावसाळ्यापुरतं तिकडे पाठवलं होतं. दोन पेट्या काचसामान, एक स्टोव्ह, एक जाडं इंग्रजी पुस्तक आणि डेपोच्या कचेरीमागची पत्र्याची खोली, एवढा माझा संसार.

त्या पावसाळ्याबद्दल हळवं काही मला लिहिता येणार नाही. तो पाऊस मारत होता. दुपारी नदीपलीकडून काळं उठायचं आणि घटकाभरात सागाची झाडं मुळासकट आडवी व्हायची. विजेनं उभा फाटलेला मोह मी पाहिला आहे, त्यातून वाफ निघत होती. रस्ते तुटल्यामुळे ट्रक बंद होते. ओंडके दिवाळीपर्यंत डेपोतच पडून राहायचे आणि तेवढ्या महिन्यांत त्यांना बुरशी लागायची. रात्रीतून सालीला भेगा पडून त्यांतून बुरशीचे नारिंगी, पांढरे, काळे कान बाहेर यायचे. हात लावला तर थंडगार मांस. सगळ्या डेपोला आंबूस, गोडसर वास. पहिल्या आठवड्यात मला त्या वासानं ओकाऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या वासाशिवाय भूक लागेना.

सडणं म्हणजे जळणं, हे मला तिथं कळलं. बुरशी आपल्या अंगातून रस सोडते. तो रस हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि लाकडावर सोडतो. ज्वाळा नाही, धग नाही, धूर नाही, पण जळणं तेच. फक्त सावकाश, आणि निवडून. लाकडात एक पांढरा धागा असतो आणि त्या धाग्याला ताठ धरणारा एक काळपट डिंक असतो, असं समजा. एका जातीची बुरशी तो डिंक खाते. तिचा रस ओळखायची युक्ती माझ्या पुस्तकात होती: काचेच्या बशीत खळ घालायची, त्यात तुरट द्रव्य मिसळायचं आणि वर बुरशीचा कण ठेवायचा. डिंक खाणारी असेल तर कणाभोवती दोन दिवसांत तपकिरी कडं उमटतं. रोज सकाळी मी ती कडी पाहत बसायचो आणि आपण जगातलं एक गुपित धरून बसलोय असं मला वाटायचं.

आणि मग मला तानबाभाऊ भेटले.

तानबाभाऊ जातीनं ढिवर. तळ्यात आणि नदीत मासे धरणं हा घरचा धंदा. पण नदी चढली की जाळं टाकता येत नाही, तेव्हा ते डेपोत मजुरीला यायचे. काम एकच, खांब तपासणं. आमचा डेपो नदीच्या उतारावर होता. ओंडक्यांच्या पुरुषभर उंच थप्प्या, आणि त्या खाली घरंगळू नयेत म्हणून उताराच्या बाजूनं जमिनीत पुरलेले हळदूच्या पिवळ्या लाकडाचे खांब. त्या खांबांच्या पायथ्याशीच मजुरांची पायवाट होती. खांब गेला तर थप्पी गेली, आणि थप्पी गेली तर वाटेवरचा माणूस गेला.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उकिडवे बसून नदीतल्या शिंपल्यानं खांबाचा पायथा खरवडत होते. बाजूला मडक्यात काळसर पाणी. खरवडलेल्या जागेवर त्यांनी चिंधीनं ते पाणी फासलं आणि बिडी पेटवून बसून राहिले.

"हे काय करता?" मी विचारलं.

"हिरड्याचं पाणी हाय जी. जाळं सडू नये म्हणून आमी हिरड्यात उकळतो. एक डाव मडकं सांडलं ओंडक्यावर. सडेल जागा तेवढी कारीठिक्कर झाली, बाकी पिवळीच राह्यली. तवापासून करून राह्यलो."

"आणि शिंपला कशाला? कुऱ्हाड आहे की."

"लोखंड लावलं का हिरडा आपोआपच कारा होते. मंग सडन्यानं झाला का लोखंडानं, समजाव कसं?"

बिडी संपेपर्यंत त्या खांबावर कॉफीच्या रंगाचे ठिपके उमटले. माझ्या बशीतलं कडं, तेच, पण दोन दिवसांऐवजी दहा मिनिटांत. मी तिथल्या तिथं चिखलात बसलो. हिरड्यातलं तुरट द्रव्य, बुरशीचा रस, हवेतला ऑक्सिजन. पुस्तकातलं पान या माणसानं मडकं सांडून शोधून काढलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून हलवला. ते संकोचून हसले.

त्यांचं काम तिथं संपत नसे. डाग पडला नाही तरी ते उठायचे, कुऱ्हाडीच्या पाठीनं खांबावर तीन जागी ठोका द्यायचे आणि कान लावायचे. त्यानंतरच चांगल्या खांबावर अंगठ्यानं गेरूचा टिळा. तो टिळा पाहून मजूर त्या वाटेनं निर्धास्त जायचे.

पुढे आठवड्याभरात मी तानबाभाऊंना डेपोभर मिरवलं. कचेरीच्या पडवीत एका बाजूला माझी बशी, दुसऱ्या बाजूला त्यांचा खांब, मध्ये मी. मुकादम गणपतराव, पंचवीस-तीस मजूर, जंगल खात्याच्या साहेबांचा शिपाई, सगळे जमले. मी छाती फुगवून सांगितलं की जे तानबाभाऊ करतात तेच विलायतेतले लोक करतात, हे पक्कं शास्त्र आहे. लोकांनी मान डोलावली. लहानू नावाचा एक हसरा मजूर होता, तो म्हणाला, "तानबाभाऊ, तू तं सायब झालास रे." सगळे हसले.

एक गोष्ट मी सांगितली नाही. त्याच पुस्तकात, त्याच पानाच्या मागे, लिहिलं होतं की दुसऱ्या जातीची बुरशी डिंकाला हातही लावत नाही. ती पांढरा धागा खाते आणि डिंक तसाच ठेवते. तिला तो रसच नसतो, त्यामुळे तपकिरी कडंही उमटत नाही. आणि ती जास्त वाईट, कारण लाकडाचं रूप बदलायच्या आत त्याची ताकद गेलेली असते. माझ्याकडे अशा तीन बश्या होत्या. बुरशी माजलेली आणि कडं मात्र नाही. पडवीत त्या मांडल्या असत्या तर सगळी शोभा गेली असती. मी त्या पलंगाखाली सरकवल्या. द्वेष नव्हता, लोभ नव्हता, फक्त मिरवायची हौस. हौसेनं माणूस मरू शकतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण ही सबब कुणी मान्य करू नये आणि मी स्वतःही करत नाही.

भादव्याच्या शेवटी पावसानं कहर केला. नदीचं पाणी डेपोच्या खालच्या कुंपणाला लागलं. खालच्या अंगाचे ओंडके हलवून मधल्या थप्प्यांवर चढवायचं ठरलं, आणि त्याआधी मधल्या ओळीचे सगळे खांब तपासायचे होते. मुकादम तानबाभाऊंच्या मागे उभा राहून घाई करत होता. "आटप नं बावा. पानी चढून राह्यलं तिकडं."

तानबाभाऊ कुऱ्हाड उलटी धरून एका खांबाला कान लावून बसले होते. पावसात ठोक्याचा आवाज नीट कळेना. ते परत ठोकत, परत कान लावत.

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. "बाबू, तुमी सांगा. डाग नाई पडला म्हंजे खांब चांगला नं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग ठोकून कायले टाइम घालवून राह्यला हा?"

तानबाभाऊंनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. "खरंच नाई ठोकाव लागत का जी?"

"नाही लागत, तानबाभाऊ. हिरड्याचं पाणी पुरे आहे. शास्त्र आहे ते."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि कुऱ्हाड बाजूला ठेवली. मी शिकलेला होतो. त्यांनी माझं ऐकलं. उरलेल्या सगळ्या खांबांवर नुसतं पाणी फासून, डाग पाहून, गेरूचे टिळे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडके चढवायला सुरुवात झाली. मी कचेरीच्या पडवीतून पाहत होतो. एक कडकड आवाज झाला, वीज नव्हे, जमिनीतून आल्यासारखा. मधल्या ओळीतला एक खांब बुडाशी मोडला, त्याच्या शेजारचे दोन वाकून उपटले, आणि अख्खी थप्पी जागची सुटली. सागाचे ओंडके एकमेकांवर आपटत, उसळत, उतारावरून नदीकडे गेले. बैल दावं तोडून पळाले. दोघं-तिघं बाजूला उडी मारून वाचले. लहानू वाटेच्या मधोमध होता. ओंडके नदीत पडल्यावर मागे जे राहिलं ते आम्ही दोन पोत्यांत उचललं. मला याहून जास्त लिहायचं नाही.

लहानूचा थोरला भाऊ डोमा मोडलेल्या खांबापाशी गेला. त्यानं वरचा तुकडा उचलला. त्यावर गेरूचा टिळा होता, पावसानं थोडा पसरलेला. त्यानं मोडलेलं टोक हातात चुरडलं. त्याचे चौकोनी तुकडे पडले, उन्हात भेगाळलेल्या तळ्याच्या गाळासारखे, आणि मग भुकटी झाली, विटकरी रंगाची. पांढरा धागा सगळा खाल्लेला, नुसता डिंक उरलेला.

"हा टिळा कोनाचा हाय?" डोमानं विचारलं. सगळ्यांना माहीत होतं.

तानबाभाऊंना त्यांनी झोपडीतून ओढत आणलं, माझ्या खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत. डोमाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, बाकीच्यांच्या हातात बांबू. सकाळी याच माणसांनी तानबाभाऊंच्या टिळ्यावर भरवसा ठेवून ओंडके वाहिले होते. पहिला फटका पाठीवर, दुसरा गुडघ्यावर, तिसरा उजव्या मनगटावर. मनगटाचा आवाज सुक्या काटकीचा यावा तसा आला. "हिरडा लावून माह्या भावाले मारलं यानं," डोमा ओरडत होता, आणि ओरडता ओरडता रडत होता. तानबाभाऊंची बायको बयनाबाई धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर पडली. फटके थांबले नाहीत. ते तिच्या पाठीवर बसू लागले. मुकादम कुंपणापाशी तोंड फिरवून उभा होता. त्यानं घाई केली होती, त्यामुळे त्याला तोंड फिरवायला कारण होतं.

मी खोलीत होतो. दोन वाक्यं पुरली असती. ही बुरशी हिरड्याच्या पाण्याला दिसत नाही, आणि ठोकू नका असं मी सांगितलं. त्या दोन वाक्यांनी कदाचित दांडे माझ्याकडे वळले असते. मी ती बोललो नाही. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, बोललो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो, आणि पलंगाखाली त्या तीन बश्या होत्या.

चौकशीला साहेब आले. कागदावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर चांगलं. "स्थानिक मजुराच्या अडाणी पद्धतीवर विसंबल्यामुळे अपघात घडला," असं साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. अडाणी हा शब्द लिहिताना माझा हात थांबला नाही. मारहाणीबद्दल विचारल्यावर मी लिहून दिलं की पावसाच्या आवाजामुळे मला काही ऐकू आलं नाही. खाली माझी सही आहे. लफ्फेदार.

आता नात विचारते, आजोबा, लाकडाच्या दोन्ही बुरश्यांत जास्त घातक कोणती? मी तिला पुस्तकातलं उत्तर देतो. खरं उत्तर असं की बुरशीला राग नसतो. तिच्याकडे जो रस असतो त्यानं जे कापता येतं तेवढंच ती कापते. माणसाकडे सगळंच असतं, हात, जीभ, पदवी, आणि त्यातून कुणाला तोडायचं नि कुणाला ठेवायचं हे तो निवडतो. त्या दिवशी डोमानं निवडलं, मुकादमानं निवडलं, साहेबांनी निवडलं. त्यांच्यापैकी एकालाही पुरतं खरं माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला. मला स्वतःची घृणा वाटते, आणि इतक्या वर्षांत ती कमी झाली असं खोटं मी सांगणार नाही.

कार्तिकात रस्ते सुरू झाले आणि मला परत बोलावणं आलं. पेट्या बांधून झाल्यावर मी ढिवर मोहल्ल्यात गेलो. दुपारची वेळ. बयनाबाई तळ्यातून आली होती, लुगड्याचा ओचा ओला, डोक्यावर मासळीची टोपली. जाळं आता ती टाकत होती. तानबाभाऊ ओट्यावर बसले होते. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पुस्तकाचं मागचं पान, तीन बश्या, ठोकू नका म्हणालो ते. मला वाटलं होतं ते शिव्या देतील, बयनाबाई काहीतरी फेकून मारेल. मला ते हवं होतं. बयनाबाईनं टोपली उतरवली आणि ती मासळी निवडत बसली.

तानबाभाऊंनी डाव्या हातानं वाकडं मनगट मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मी तुमचं नाव घेऊन राह्यलो होतो तवा. बाबूले इचारा, बाबूले इचारा, म्हनून राह्यलो होतो."

"मला ऐकू आलं नाही हो, तानबाभाऊ," मी म्हणालो. "पाऊस केवढा होता पत्र्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खांबाला कान लावताना त्यांचा चेहरा व्हायचा, तसा.

"पाऊस थांबला होता जी," ते म्हणाले. "मी नाव घेतलं अन् तुमच्या खिडकीची कडी लागली. मले आयकू आलं."

खरं होतं. पाऊस थांबला होता.